शहादा नावाच्या तीन फाइली

प्रकाशा
३ ऑगस्ट २०२५

त्या सकाळी मी म्हशीचं दूध काढलं, चहा उकळला, अंगणात गोणपाट पसरून त्यावर लाल मिरच्या ओतल्या आणि निवडायला बसले. पांढऱ्या पडलेल्या, बुरशी धरलेल्या एकेक उचलून मागे टाकायच्या, बाकीच्या पोत्यात. तुझे काका ओसरीवर पाटावर कॉम्प्युटर ठेवून एका बोटानं लिहीत होते. मधूनच एखादी ओळ वाचून दाखवायचे. मी म्हटलं, "तो पूर श्रावणात नव्हता, भादव्यात होता." ते म्हणाले, "मास्तर मी का तू?" पण खोडलं. मग मी हात धुवायला उठले, ओसरीजवळून गेले, तर त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण खाली केलं. मी काही विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती.

हेमकांत, दहा दिवस हीच सकाळ आठवते आहे. कारण तू पाठवलेला प्रोग्राम.

काकांना जाऊन नऊ महिने होत आले. वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींचं पुस्तक छापायचं, ते जुन्या फॉन्टमधलं सगळं तू नीट करून देणार, एवढं आपलं ठरलं होतं. तुझा प्रोग्राम त्या फाइली वाचील, सरळ अक्षरात आणील आणि एका ठिकाणी जतन करील, असं तू सांगितलंस. पण हा प्रोग्राम उघडला की आधी विचारतो, फाइली निवडा. मग सगळ्या एकेचाळीस फाइलींची यादी समोर धरतो. ज्याला सगळं दिसतंय तो मला कशाला विचारतो? आपल्याकडे दुकानदार माल दाखवून "कोणता देऊ?" विचारतो तेव्हा त्याच्या मनात काही तरी असतंच.

एकेचाळीसपैकी अडतीस पुस्तकात जातील. तीन नाहीत. त्यांची नावं शहादा एक, शहादा दोन, शहादा तीन. त्यात घरातलं आहे. ते तू वाचायचं नाही, कोणीच वाचायचं नाही. पुसायला माझा हात होत नाही, म्हणून आहेत.

कॉम्प्युटरच्या वरच्या बाजूला जो डोळा असतो त्यावर मी माझ्या जुन्या पाकिटातली टिकली चिकटवली आहे. शेजारची दिवलीबाई आली होती. म्हणाली, "डबडासंगे काय बोली ऱ्हायनी वं?" तिला काय सांगणार.

फोनवर विचारलं असतं, पण दिवलीबाईचा कान भिंतीला असतो, आणि फोनवर मला बोलता बोलता रडू येतं. कागदावर येत नाही. तूही कागदावरच लिही.

सुंदरबाई

*

पुणे
११ ऑगस्ट २०२५

काकू, नमस्कार.

सात-आठ वर्षांनी हातानं पत्र लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या.

तुमची शंका रास्त आहे, पण उलटी आहे. फाइलींची यादी ज्या खिडकीत दिसते ती खिडकी माझ्या अ‍ॅपची नाहीच. ती कॉम्प्युटरची स्वतःची. ती उघडी असते तेव्हा माझं अ‍ॅप बाहेर थांबलेलं असतं. त्याला त्यातलं एकही नाव दिसत नाही. तुम्ही एखाद्या फाइलीवर बोट ठेवलंत की कॉम्प्युटर तेवढीच उचलून अ‍ॅपच्या हातात देतो. जतन करतानाही तसंच. कुठे ठेवायचं ती जागा तुम्ही दाखवायची, अ‍ॅपला आपल्या मनानं कुठेही ठेवता येत नाही.

ओसरीवर बसवलेल्या पाहुण्यासारखं समजा. त्याला आत यायची परवानगी नाही. घरात किती डबे, कशात काय, त्याला ठाऊक नाही. घरच्या बाईनं निवडून जे समोर आणून ठेवलं तेवढंच त्याचं. आमच्या धंद्यात या बंदिस्त जागेला सँडबॉक्स म्हणतात. तुम्हाला काळजी वाटेल म्हणूनच मी अ‍ॅप असं बांधलं. त्याला इंटरनेटचीही वाट नाही.

ज्या फाइली नकोत त्यांना हात लावू नका. बस. झाल्या की पेनड्राइव्हवर जतन करा आणि कुरियरनं पाठवा.

तुमचा
हेमकांत

*

प्रकाशा
१९ ऑगस्ट २०२५

हेमकांत,

ओसरीवरच्या पाहुण्याची गोष्ट तू सहज लिहिलीस का मुद्दाम? गोकुळ बारावीला असताना तुझ्या काकांकडे गणित विचारायला यायचा. ओसरीच्या कडेला बसायचा. पावरा आदिवासी मुलगा, धडगावकडचा, हुशार. त्याला पाणी मी वेगळ्या तांब्यातून द्यायची. तो तांब्या सुट्टीत आलास की तू पाहायचास, आणि तेव्हाच मोठ्यानं विचारायचास, "काकू, हा कोणाचा?" मग तो ओसरीवरचा मुलगा शिक्षक झाला आणि अकरा वर्षांपूर्वी आमची ममता त्याच्याशी लग्न करून निघून गेली. तुझे काका म्हणाले, आपल्याला मुलगी नव्हती. तेव्हापासून या घरात तिचं नाव निघालं नाही. तू हे सगळं जाणतोस. मग पाहुणा ओसरीवरच का बसवलास? झाडाखाली बसवला असतास.

असो. मी तुझ्या प्रोग्रामची परीक्षा घेतली. एक नवी फाइल केली, तिला नाव दिलं, हेमकांत खोटं बोलतो. ती काकांच्या फाइलींत ठेवून दिली आणि दोन दिवस वाट पाहिली, तुझा फोन येतो का, रागावतोस का. आला नाही. म्हणजे एक तर तुला दिसलं नाही, नाही तर तू पक्का आहेस.

मग परवा काम करत असताना लाइट गेली. बॅटरी केव्हाच मेलेली, कॉम्प्युटर बंद पडला. लाइट आल्यावर प्रोग्राम म्हणतो, या फाइलींची परवानगी राहिलेली नाही, पुन्हा निवडा. सकाळी ज्याला दिलं तो संध्याकाळी ओळख दाखवत नाही? मला हे बरं वाटलं नाही. पण मी पुन्हा सगळं केलं. निवडल्या. प्रोग्रामनं त्या उघडून दाखवल्या, खाली लिहिलं, तीन फाइली निवडल्या. बरोबर तीन. मग जतन केलं, नाव दिलं पुस्तक.

पेनड्राइव्ह कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून, चिकटपट्टी लावून, शहाद्याच्या कुरियरवाल्याकडे दिला. त्यानं विचारलं, आत काय? मी म्हटलं, माणूस.

सुंदरबाई

*

पुणे
२ सप्टेंबर २०२५

काकू,

डबी मिळाली. चिकटपट्टी काढायला अर्धा तास लागला.

वाचलं. लगेच लिहू शकलो नाही. मी समजत होतो पूर, शाळा, केदारेश्वराची यात्रा, असं काही असेल. काका धडगावच्या स्टँडवर बाकावर बसलेत, हातातला चहा थंड झालाय आणि समोरून ती दोन वेण्यांची मुलगी उड्या मारत जातेय, एवढंच डोळ्यासमोरून जात नाही. मला सगळ्यांत कडक माणूस तेच वाटायचे.

बाकीचं सगळं सोडून तुम्ही हेच दिलंत, यासाठी छाती लागते. मला तुमच्याबद्दल एवढा अंदाज नव्हता, खरं सांगतो. याचं पुस्तक लहान होईल, चाळीसेक पानांचं, पण होईल. आणखी काही जोडायचं आहे का?

परवानगीचं म्हणाल तर तो दोष नाही. अ‍ॅपनं तुमचं घर लक्षात ठेवू नये असंच मी केलं आहे. दर वेळी तुम्हाला विचारावं.

हेमकांत

*

प्रकाशा
९ सप्टेंबर २०२५

चोरा,

धडगावचा स्टँड तुला कुठे दिसला?

शहादा एक, दोन, तीन मी माझ्या हातानं वेगळ्या काढल्या. तुला पाठवल्या त्या अडतीस. आणि तू लिहितोस बाक, चहा, वेण्या. म्हणजे पाहुणा ओसरीवर नव्हताच. तो माजघरातून फिरून, कोनाडे धुंडाळून, देव्हाऱ्यामागचं काढून घेऊन गेला. वर माझीच वाहवा करतोस. छाती म्हणे.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. दिवलीबाई म्हणते, "तुन्हा पुतण्यानी जादू करी का?" मी म्हटलं, शिकलेली माणसं जादू करत नाहीत, कॉम्प्युटर करतात.

मी कॉम्प्युटरची वायर काढून ठेवली आहे, वर चादर घातली आहे. पुस्तक नको. डबी परत पाठव. आणि जे वाचलंस ते कोणापुढे बोललास तर मला काकू म्हणू नकोस.

*

पुणे
१५ सप्टेंबर २०२५

काकू,

चोर म्हणालात ते ठीक. पण चोराला एक गोष्ट विचारायची आहे.

पेनड्राइव्हवर तीनच फाइली आहेत. शहादा एक, दोन, तीन. अडतीस नाहीतच. एकही नाही. मी घर फोडून गेलो असतो तर जे हाताशी होतं ते सोडून देव्हाऱ्यामागचंच का आणलं असतं? तुमच्या पत्रात तुम्ही स्वतः लिहिलंय की प्रोग्राम म्हणाला, तीन फाइली निवडल्या. मी ते वाचलं तेव्हा मला काही खटकलं नाही, कारण माझ्याकडे तीनच आल्या होत्या.

पहिल्या पत्रात तुम्ही बजावलं होतं की शहादा वाचू नकोस. डबी उघडली तेव्हा मला ते आठवलं. वाटलं, तुमचं मन बदललं. विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ही माझी चूक.

पण अ‍ॅपला तुम्ही दिल्याशिवाय काही मिळत नाही, हे शपथेवर. तर मग त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत? सावकाश, जसं केलं तसं लिहा. कशावर बोट ठेवलं?

आणखी एक गोष्ट आहे. ती तुमचं उत्तर आल्यावर सांगतो.

हेमकांत

*

प्रकाशा
२२ सप्टेंबर २०२५

हेमकांत,

चादर काढली, वायर जोडली आणि तू म्हणालास तसं सावकाश पुन्हा केलं.

प्रोग्राम म्हणाला, फाइली निवडा. मी निवडल्या. यादीतून शहादा एक, शहादा दोन, शहादा तीन, तिघींवर बोट ठेवलं. तिथेच हात थांबला.

अरे, मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून. पण निवडायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. तांदूळ निवडते तेव्हा काय उचलते? खडे. मिरच्या निवडते तेव्हा? पांढरी पडलेली. चांगलं आहे त्याला निवडताना हात लावायचा नसतो, ते आपोआप राहतं. तूच लिहिलंस ना, नकोत त्यांना हात लावू नका? ते मी वाचलं होतं. पण समोर निवडा असं आलं की डोळे वाचतात आणि हात आपलंच करतात. पन्नास वर्षांचा हात आहे. तुझ्या प्रोग्रामनं त्या उघडून दाखवल्या तेव्हा मला वाटलं, टाकायच्या आधी खात्री करून घेतोय, शहाणा आहे.

तर चोर तू नाहीस. चोर म्हटलं ते परत घेते.

आता वाचलंच आहेस तर बाकीचंही ऐक. दर दोन-चार महिन्यांनी तुझे काका सकाळी म्हणायचे, "मी जरा शहादे जाई येस. पेन्शननं काम शे." मी डबा बांधून द्यायची. संध्याकाळी डबा तसाच परत यायचा. मी समजायची, बाहेर खाल्लं असेल. ते गेल्यावर फाइलींची नावं पाहिली तेव्हा पहिल्यांदा शहादाच उघडल्या. शहाद्याला कोणतं एवढं काम, हा संशय मला आधीपासून होता. दुसरी बाई असेल, इथपर्यंत मी गेले होते. निघाली ती आमचीच मुलगी. ते धडगावला जायचे. ममता दवाखान्यातलं काम संपवून निघायची, नातीला शाळेतून घ्यायची, आणि ते समोरच्या बाकावरून पाहायचे. रविना नाव आहे तिचं, ते त्यांना चहावाल्याकडून कळलं. कधी उठून बोलले नाहीत. शेवटच्या गाडीनं परत.

ममताच्या नावानं कान झाकायला मला लावलं, आणि स्वतः मात्र जाऊन डोळे भरून पाहून आले. याचा राग मला त्यांच्या चितेपेक्षा जास्त भाजला. पण लपवल्या त्या रागानं नाही. हे ममताला कळलं तर ती विचारील, बाबा येत होते, तू का आली नाहीस? त्यांना निदान लपून यायचं सुचलं. मला तेही सुचलं नाही. मला कोणी खांबाला बांधलं नव्हतं. गाडी माझ्यासाठीही होतीच. याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून खडे बाजूला काढले.

आता तुझी ती एक गोष्ट सांग. जो माणूस पत्राच्या शेवटी "आणखी एक गोष्ट" लिहितो त्याच्या हातून काही तरी झालेलं असतं. कोणाला सांगितलंस?

सुंदरबाई

*

पुणे
२९ सप्टेंबर २०२५

काकू,

ममताताईला.

आमचं बोलणं कधी तुटलंच नव्हतं. दिवाळीला, राखीला फोन असतो. तुम्हाला कळू दिलं नाही, कारण तिच्याशी संबंध ठेवणार नाही असं वचन काकांनी माझ्या वडिलांकडून घेतलं होतं. मी कॉलेजात होतो, माझ्याकडून घ्यायचं राहिलं.

डबी आली त्याच रात्री मी तिला फोन केला. मला वाटलं, तुम्ही एवढ्यासाठीच पाठवलंय. तोंडानं सांगता येत नाही म्हणून माझ्या हातून. शहादा दोन मी तिला पूर्ण वाचून दाखवली. मग म्हणाली, बाकावर बसणारे म्हातारे बाबाच आहेत हे तिनं एकदा ओळखलं होतं. हाक मारली तर पुन्हा येणार नाहीत, म्हणून मारली नाही.

मग तिनं विचारलं, "एकेचाळीसमधून हाई तीनच? मायनी सोता निवड्यात?" मी म्हटलं, हो ताई, त्यांनीच, स्वतःच्या हातानं. तर ती हसली. रडत होती आणि हसली. म्हणाली, "बाबास्नी तिले कधी साडीबी निवडू दिधी नही."

तेव्हापासून ती दर दोन दिवसांनी फोन करून विचारते, मायचं काही आलं का. रविनाला तिनं सांगितलंय की तुझ्या आजीनं तुझ्यासाठी आजोबांचं लिहिलेलं वेगळं काढलं.

वेगळं काढलं हे खरंच आहे, काकू. कशासाठी ते तिला माहीत नाही.

मी तिला सांगू का, की चूक झाली होती? मी खोटं बोललो नव्हतो, पण आता गप्प बसलो तर ते खोटंच होईल. आणि सांगितलं तर काय होईल ते मला दिसतंय. तुम्ही म्हणाल तसं करतो. या खेपेला विचारल्याशिवाय काही करणार नाही.

हेमकांत

*

प्रकाशा
१२ ऑक्टोबर २०२५

हेमकांत,

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. ओसरीवर उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं.

आधी तुझा राग आला. राखीला फोन, दिवाळीला फोन, आणि मला अकरा वर्षांत एका शब्दानं नाही. कॉम्प्युटरवर टिकली लावत बसले, लावायची होती तुझ्या तोंडावर. मग मनात आलं, ममताला खरंच एवढं बरं वाटलं, की तू माझं मन वळवायला रचून लिहितोयस? तू मास्तरांचा पुतण्या, रचता तुलाही येत असेल. मग त्या साडीच्या वाक्याशी आले. ते तुला रचता येणार नाही. लग्नानंतर पहिल्या पोळ्याला प्रकाशाच्या बाजारात मी हिरवी धरली होती आणि त्यांनी मोरपंखी बांधून घेतली. ममता जन्मलीही नव्हती. पण पुढे दर दिवाळीला दुकानात तिनं माझा हात पुढे जाऊन मागे येताना पाहिला असणार.

संध्याकाळपर्यंत मी हाच विचार करत होते की तुला काय कळवू. सांग म्हणावं तर तिचं हसू जातं. सांगू नको म्हणावं तर ती मला जी बाई समजते ती मी नाही, आणि पुढे जन्मभर ती सोंग करायची. शेवटी ठरलं ते असं. तू तिला काही सांगू नकोस. चूक माझ्या हाताची आहे, सांगायची तर ती मीच सांगायची. खडे म्हणून बाजूला काढलं होतं, हे तिनं माझ्या तोंडून ऐकावं. मग तिला हसायचं तर हसू दे, हाकलायचं तर हाकलू दे.

पुस्तक अडतीसचंच कर. त्या अडतीस आता नीट दिल्या आहेत, नवा पेनड्राइव्ह दुसऱ्या डबीत घालून सोबत पाठवते. शहादा पुस्तकात जाणार नाही. ते ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना पोचलं आहे.

सोमवारी दिवे लागायच्या वेळी मी भिंतीपलीकडे दिवलीबाईला हाक मारली. विचारलं, धडगावची गाडी शहाद्याहून किती वाजता? ती ताटातला घास तसाच ठेवून बाहेर आली. म्हणाली, "साडेआठले शे. अकरा वरीस व्हयनात, मी वाट देखी ऱ्हायनू का तू कव्हय विचारशी."

"तू कशाला वाट पाहायचीस?"

"तुन्ही म्हैसले चारा कोण टाकई? माले आधी सांगं पाहिजे ना."

दुसऱ्या दिवशी मी म्हशीचा चारा तिच्यावर सोपवला आणि साडेआठच्या गाडीनं धडगावला गेले. खड्यांचं तिला माझ्या तोंडानं सांगितलं.

सुंदरबाई